विश्लेषण : नकाशावर ठिपका एक, अपघात किती?

जिल्ह्यातल्या अपघातांचा डिजिटल नकाशा मोबाइलवर उघडला की महामार्गाच्या रेषेवर लाल ठिपके दिसू लागतात. समजा, एका चौकात एकच ठिपका आहे आणि दोन किलोमीटर पुढच्या वळणावर चार ठिपके सुटे सुटे पसरले आहेत. पाहणारा चटकन म्हणणार, वळण धोक्याचे. पण चौकात झालेल्या सात अपघातांची नोंद एकाच अक्षांश-रेखांशावर झाली असेल, तर सातही ठिपके तंतोतंत एकावर एक बसतात आणि दिसतो तो फक्त सर्वांत वरचा. जागा जितकी नेमकी घातक, तितकी ती नकाशावर निरुपद्रवी दिसावी, असा हा उलटा न्याय. नकाशा काढणाऱ्यांचा हा जुना पेच आता प्रत्येकाच्या खिशातल्या पडद्यावर आला आहे. तो सोडवण्याचे मार्ग आहेत. मात्र प्रत्येक मार्ग काही दाखवताना दुसरे काही झाकतो.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे का?

राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ कशाला म्हणायचे, याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या आहे. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात गेल्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील, किंवा तीन वर्षांत मिळून दहा जणांचा जीव गेला असेल, तर तो पट्टा अपघातप्रवण. एकदा या यादीत नाव आले की चौकाची फेररचना, दुभाजक, दिवे, गतिरोधक पट्टे अशा कामांची मागणी करायला आधार मिळतो.

या नोंदी आता कागदावरून मोबाइलवर आल्या आहेत. ‘आयरॅड’ ही एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी उभी केली. सुरुवातीला ज्या सहा राज्यांत ती राबवली गेली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस कर्मचारी अपघातस्थळी मोबाइल अ‍ॅपमध्ये तपशील आणि छायाचित्रे भरतो आणि जागेची नोंद होते.

संगणक जेव्हा या नोंदी मोजतो, तेव्हा कोणता ठिपका कोणाखाली दडला आहे याचा त्याला काही फरक पडत नाही. तो सात म्हणजे सातच मोजतो. फरक पडतो तो नकाशा डोळ्यांनी वाचणाऱ्यांना. बैठकीत पडद्यावर नकाशा पाहणारे अधिकारी, गावाजवळच्या चौकात भुयारी मार्ग मागणारे रहिवासी, बातमी करणारे पत्रकार या सर्वांचे मत यादीतल्या आकड्यांपेक्षा नकाशावरच्या लालीवर आधी बनते.

ठिपके एकमेकांवर बसतात ते का?

पहिले कारण पडद्याचे. बहुतेक वेब नकाशे ‘झूम’च्या पायऱ्यांवर चालतात. शून्याच्या पायरीवर सारे जग २५६ पिक्सेल रुंदीत मावते आणि पुढच्या प्रत्येक पायरीला ही रुंदी दुप्पट होते. मुंबईच्या अक्षांशावर बाराव्या पायरीला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३६ मीटर. साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइल पडद्यावर तेव्हा १३ किलोमीटरचा मुलूख दिसतो. त्यावर २४ पिक्सेल रुंदीची एक खूण ठेवली, तर ती जमिनीवर जवळपास ८७० मीटर जागा व्यापते. म्हणजे ५०० मीटरचा अख्खा ब्लॅक स्पॉट एका खुणेखाली गडप होतो. हा गोंधळ मात्र सुटण्यासारखा आहे. बोटांनी नकाशा मोठा केला की खुणा आपोआप वेगळ्या होतात.

दुसरे कारण खऱ्या एकाच जागेचे. एकाच सिग्नलवर, एकाच पुलाच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा अपघात होतात. उड्डाणपुलावरचा अपघात आणि पुलाखालच्या रस्त्यावरचा अपघात यांचे अक्षांश-रेखांश सारखेच असू शकतात, कारण सपाट नकाशाला उंची कळत नाही. मुंबईतल्या तीसमजली इमारतीचेही तेच. तिथल्या साठ घरांचा पत्ता नकाशावर एकच बिंदू असतो. इथे नकाशा कितीही मोठा केला तरी उपयोग शून्य.

तिसरे कारण सर्वांत फसवे, ते म्हणजे खोटी एकच जागा. अपघाताची नोंद घटनास्थळी न करता ठाण्यात परतल्यावर केली आणि जागा दुरुस्त केली नाही, तर ठिपका ठाण्याच्या दारात पडतो. असे वर्षभराचे ठिपके साचले की तालुक्यातली सर्वांत धोकादायक जागा पोलीस ठाणेच ठरेल. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणाऱ्या प्रणालीला घर सापडले नाही, तर ती पिनकोडच्या किंवा गावाच्या मध्यबिंदूवर ठिपका ठेवून मोकळी होते. आकडे तोडले तरी हेच होते. अंशाचे पाच दशांश ठेवले तर जागा साधारण एक मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. तीन ठेवले तर शंभरेक मीटरपर्यंत आणि दोनच ठेवले तर किलोमीटरभरापर्यंत. दोन दशांशांवर आणलेल्या नोंदी नकाशावर ओळीने मांडलेल्या सोंगट्यांसारख्या दिसतात, आणि प्रत्येक सोंगटीखाली किती दबल्या आहेत ते कळत नाही.

या तिन्ही प्रकारांवर एकच औषध चालत नाही. तयार साधन उचलून नकाशा बनवणारे बहुतेक जण नेमके इथे चुकतात.

मोबाइल नसताना हे कसे सोडवले जाई?

याचे सर्वांत गाजलेले उत्तर लंडनमधले आहे. १८५४च्या ऑगस्टअखेर सोहो भागात कॉलराची साथ उसळली आणि त्या परिसरात ६००हून अधिक माणसे दगावली. कॉलरा दूषित हवेतून पसरतो, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक हातपंपाभोवती मृत्यू एकवटले आहेत, हे त्यांनी घरोघरच्या चौकशीतून दाखवले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे खुद्द स्नो यांनीही मान्य केले होते.

त्यांचा नकाशा पुढच्या वर्षी, १८५५मध्ये, त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. त्यात स्नो यांनी ठिपके वापरलेच नाहीत. प्रत्येक मृत्यूसाठी एक आडवी काळी रेघ, आणि एकाच घरात दुसरा मृत्यू झाला तर ती रेघ पहिलीच्या डोक्यावर. ज्या घरात जितके मृत्यू, तितकी रेघांची चळत रस्त्यापासून आत वाढत जाते. आपल्याकडे दुकानदार नाण्यांची चळत लावून न मोजताच अंदाज घेतो, तसेच. ब्रॉड स्ट्रीटवर या चळती इतक्या दाट आहेत की पंपाची जागा वेगळी सांगावी लागत नाही.

या मांडणीमुळे अपवादही उठून दिसतात. जवळच्याच पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमगृहात ५३५ माणसे राहत होती. मृत्यू झाले पाच. त्या गृहाला स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार बीअर पीत आणि भट्टीला स्वतःचे पाणी होते, तेही वाचले. दाट चळतींच्या मधोमध ही जागा जवळपास कोरी राहिली, आणि वाचणाऱ्याने ‘इथे का नाही?’ असे विचारावे, याची सोय नकाशातच झाली.

पुढे विसाव्या शतकात अनेक पुस्तकांत हा नकाशा पुन्हा काढला गेला तो रेघांऐवजी ठिपक्यांनी. दिसायला तो सुटसुटीत झाला. पण एका घरात किती मृत्यू, ही मूळ गोष्ट त्यात अंधूक झाली. १८५५चा नकाशा या बाबतीत त्याच्या नकलांपेक्षा सरस आहे.

आकडा लिहिलेली गोल खूण म्हणजे काय?

घर भाड्याने शोधताना, एटीएम शोधताना किंवा साथीचा नकाशा पाहताना ‘१२’, ‘४७’ असे आकडे असलेली वर्तुळे अनेकांनी पाहिली असतील. याला क्लस्टर म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचा झुबका. ठरावीक पिक्सेल त्रिज्येत येणाऱ्या सगळ्या खुणा एकत्र करायच्या, त्यांच्या जागी एक वर्तुळ ठेवायचे आणि आत संख्या लिहायची. वर्तुळावर टिचकी मारली की नकाशा जवळ येतो आणि झुबका फुटून लहान झुबके होतात.

झाकलेले ठिपके निदान मोजले जातात, हा याचा मोठा गुण. ‘लीफलेट’ या लोकप्रिय मुक्त प्रणालीसाठी ‘मार्करक्लस्टर’ नावाचा जोड-प्रोग्राम याच कामासाठी सर्रास वापरला जातो. पण त्याची मूळ त्रिज्या ८० पिक्सेल आहे. मुंबईच्या अक्षांशावर बाराव्या पायरीला ८० पिक्सेल म्हणजे जवळपास तीन किलोमीटर. ‘१२’ असा आकडा असलेल्या वर्तुळात बारा अपघात एकाच चौकातले असतील किंवा सहा किलोमीटरभर विखुरलेले असतील, दोन्ही चित्रे हुबेहूब सारखी. ५०० मीटरच्या व्याख्येसाठी हा नकाशा निरुपयोगी ठरतो. त्रिज्या बदलता येते. अनेकदा ती बदललेली नसते.

रंगांचेही तसेच. याच साधनात दहापेक्षा कमी नोंदींचा झुबका आपोआप हिरवा, शंभरपेक्षा कमींचा पिवळा आणि त्यावरचा नारिंगी दिसतो. रेस्तराँच्या नकाशाला हे शोभून दिसते. अपघाती मृत्यूंच्या नकाशावर मात्र नऊ बळींचे वर्तुळ हिरवेगार, म्हणजे सिग्नल सुटल्यासारखे.

वर्तुळाची जागा ही आणखी एक गंमत. काही प्रणाली ते सर्व ठिपक्यांच्या सरासरी जागेवर ठेवतात. मानखुर्दचे काही ठिपके आणि वाशीचे काही ठिपके एका झुबक्यात आले, तर वर्तुळ ठाणे खाडीच्या पाण्यात उभे राहते. जाणकार हसून पुढे जाईल. अनोळखी वाचक खाडीत काय घडले ते शोधत बसेल.

खुणा अर्धपारदर्शक केल्या तर?

हा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. प्रत्येक ठिपका २० टक्के गडद ठेवला, तर एकावर एक ठिपके पडतील तिथे रंग गडद होत जाईल. पण हे गडद होणे सरळ बेरजेने होत नाही. एक ठिपका २० टक्के, दोन ३६ टक्के, पाच ६७ टक्के, दहा ८९ टक्के आणि वीस जवळपास ९९ टक्के. एक आणि दोन यांतला फरक डोळ्यांना कळतो. दहा आणि वीस यांतला कळत नाही. तेव्हा पाच-सहांपर्यंतच्या गर्दीला ही युक्ती चालते, त्यापुढे ती थकते. बाहेर उन्हात मोबाइल पाहणाऱ्यासाठी तर एकेकटा फिकट ठिपका दिसेनासाच होतो.

एका जागी एकच वर्तुळ काढून संख्येनुसार ते मोठे करणे हा स्नो यांच्या चळतीच्या जवळ जाणारा मार्ग. त्यात वर्तुळाचे क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात हवे. नऊ मृत्यूंचे वर्तुळ एका मृत्यूच्या वर्तुळाच्या तिप्पट व्यासाचे पुरते. व्यासच नऊपट केला तर क्षेत्रफळ ८१ पट होऊन नकाशा घाबरवू लागतो. आणि मोठी वर्तुळे आधी, लहान त्यांच्यावर नंतर काढायची, त्यांच्या कडेला पांढरी बारीक रेघ द्यायची. एवढ्याशा शिस्तीने निम्मा गुंता सुटतो.

वर कोण, खाली कोण हा क्रम खरे तर सर्वांत दुर्लक्षित आहे. अनेक साधने फाइलमधल्या ओळींच्या क्रमाने ठिपके काढतात. शेवटची ओळ सर्वांत वर. फाइलमध्ये आधी मृत्यूचे अपघात आणि शेवटी किरकोळ दुखापतींचे असतील, तर किरकोळांचे पिवळे ठिपके मृत्यूंचे लाल ठिपके झाकून टाकतात. लीफलेटमधल्या उभ्या पिना तर अक्षांशावरून रचल्या जातात. दक्षिणेची पीन पुढे, उत्तरेची मागे. पिना जमिनीत रोवल्यासारख्या दिसाव्यात म्हणून ते ठीक, पण महत्त्व ठरवण्याचा हा निकष काही नव्हे.

‘हीटमॅप’ पाहताना काय लक्षात घ्यावे?

ठिपके हजारोंच्या घरात गेले की सुटे दाखवण्याचा हट्ट सोडावा लागतो. मग एक तर जमिनीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी घर आखून प्रत्येक घरातली संख्या रंगाने दाखवतात, किंवा निळ्यापासून लालपर्यंत पसरणारा हीटमॅप काढतात. षटकोनांची पद्धत संख्याशास्त्रज्ञ डॅनियल कार आणि सहकाऱ्यांच्या १९८७च्या शोधनिबंधापासून रुळली. ती प्रामाणिक आहे, कारण घर किती मोठे हे वाचकाला समोर दिसते. अपघाताचा चौक दोन षटकोनांच्या सीमेवर पडला तर त्याची संख्या मात्र विभागली जाते.

हीटमॅप दिसायला देखणा आणि त्यामुळेच लाडका. त्यातला लाल डाग किती पसरावा हे काढणाऱ्याने निवडलेल्या त्रिज्येवर ठरते, आणि ही त्रिज्या बऱ्याचदा पिक्सेलमध्ये असते. नकाशा लांब नेला की सगळा जिल्हा लाल, जवळ आणला की रस्ता शांत. शिवाय जिथे वाहने जास्त तिथे अपघात जास्त, एवढेच तो अनेकदा सांगत असतो.

ठिपके थोडे बाजूला सरकवता येत नाहीत का?

येतात, आणि अगदी एकाच जागेवरच्या नोंदींसाठी हाच खरा उपाय आहे. ‘क्यूजीआयएस’ या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एकत्र पडलेले ठिपके मूळ बिंदूभोवती गोलाकार मांडण्याची सोय आहे. मोबाइलवरच्या नकाशांत टिचकी मारल्यावर खुणा कोळ्याच्या पायांसारख्या बाहेर फाकतात आणि बारीक रेघेने मूळ जागेशी जोडलेल्या राहतात. ती रेघ फार मोलाची. ती नसेल तर सरकवलेला ठिपका दुभाजकापलीकडच्या मार्गिकेवर किंवा कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसतो, आणि तो तिथलाच आहे असे वाटते.

यात अडचण बोटाची. ॲपलच्या मार्गदर्शनानुसार बोटाने दाबायची जागा किमान ४४ आणि अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार ४८ एकक हवी. ३६० एकक रुंदीच्या पडद्यावर अशा खुणा एका ओळीत सातच मावतात. चाळीस अपघातांचा कोळी मोबाइलवर उघडला तर पाय पडद्याबाहेर जातात. अशा वेळी खुणेवर टिचकी मारल्यावर खालून साधी यादी वर येणे अधिक कामाचे. तारीख, वाहन, जखमी, मृत असे सरळ लिहिलेले. नकाशाप्रेमींना हे पटत नाही, पण वाचकाला पटते.

सरकवण्याचा एक हेतू मात्र अगदी उलटा आहे, लपवण्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या पाहण्यांत कोणत्या वस्तीतली माणसे निवडली होती हे ओळखू येऊ नये, म्हणून संशोधकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत वस्तीचा बिंदू मुद्दाम हलवलेला असतो. शहरी वस्ती दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणपैकी एक टक्का तर दहा किलोमीटरपर्यंत. हे उघड सांगून केले जाते, त्यामुळे कोणी त्या बिंदूवर जाऊन दार ठोठावत नाही.

खोट्या एकाच जागेने कोणाचे नुकसान झाले आहे का?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात झाले. इंटरनेटवरच्या आयपी पत्त्यावरून संगणक कुठे आहे याचा अंदाज देणाऱ्या एका कंपनीला, ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ याहून अधिक माहिती नव्हती, त्यांच्यासाठी नकाशावर एक बिंदू हवा होता. देशाचा मध्य कॅन्ससच्या उत्तरेला येतो. कंपनीने आकडे सुटसुटीत केले आणि ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम हा बिंदू धरला. तो पॉटविन या लहानशा गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता.

२०१६मध्ये एका पत्रकाराने हे उघडकीस आणले, तोपर्यंत ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका बिंदूवर येऊन बसले होते. इंटरनेटवर फसवल्या गेलेल्या, संगणक चोरीला गेलेल्या, धमक्या आलेल्या माणसांनी नकाशा उघडला की खूण त्या शेतावर दिसे. पोलीस हरवलेल्या मुलांच्या शोधात तिथे आले, रुग्णवाहिका आत्महत्येच्या तयारीत असलेल्यांच्या शोधात आल्या, संतापलेले लोक जाब विचारायला आले. त्या घरातल्यांना वर्षानुवर्षे कारण कळेना. स्थानिक शेरीफने अखेर रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावली, की इथे येण्याआधी माझ्याशी बोला. नकाशावर ‘६० कोटी’ असा आकडा किंवा बिंदूभोवती देशभर पसरलेले अनिश्चिततेचे वर्तुळ दिसले असते, तर एकाही माणसाने त्या फाटकातून गाडी आत घातली नसती. दिसत होती ती एक नेमकी, टोकदार खूण.

तिथे राहणाऱ्यांनी त्याच वर्षी कंपनीवर दावा लावला. कंपनीने आपला बिंदू हलवला. आता तो विचिटा शहराच्या पश्चिमेला एका जलाशयाच्या मधोमध आहे.